बिनशेपटीचा भाडेकरू

"तुमच्याकडे उंदीर झालेत म्हणे?"

काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं तेव्हा मी कढीपत्ता तोडत होते. झाड काकूंचं, फांदी आमच्या बाजूला, त्यामुळे मालकीचा प्रश्न गेली ११ वर्षं तसाच लोंबतोय. भिंत छातीएवढी. तिच्यावरून वाट्या जातात, दिवाळी अंक जातात, आणि दूध गॅसवर ठेवल्यापासून ते उतू जाईपर्यंतच्या वेळात निम्म्या कोथरूडच्या बातम्या जातात.

"झाले नाहीत काकू. आणलाय. एकच."

काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. हातात उंदराचा पिंजरा होता. जुना, लाकडी, वरून खटक्याचं दार पडणारा. "वॉचमन म्हणाला म्हणून मी हा घेऊन आले. भज्याचा तुकडा लावायचा, रात्रीत अडकतो. आणि तू म्हणतेस आणलाय?"

"हॅमस्टर आहे तो."

"म्हणजे उंदीरच ना?"

"उंदरांच्याच गोतावळ्यातला."

"गोतावळा म्हण नाहीतर गणगोत म्हण. उंदीर तो उंदीर." असं म्हणून त्यांनी पिंजरा तरीही भिंतीवर ठेवलाच. "असू दे तुझ्याकडे. लागेल."

तर झालं होतं असं. गल्लीच्या टोकाला त्या पिवळ्या बंगल्यात वरच्या मजल्यावर कॉलेजची पोरं भाड्याने राहायची. परीक्षा संपल्या, पोरं गेली, आणि जाताना मागे जे जे टाकून गेली ते सगळं कचऱ्याच्या डब्यांपाशी मांडलेलं होतं. एक गादी, दोन फुटक्या बादल्या, हेल्मेट, आणि गुलाबी रंगाचा तारेचा एक पिंजरा. मार्चची दुपार. पिंजऱ्यात कापसाचा बोळा, कापसाच्या बोळ्यात काहीतरी हलतंय. वॉचमनने खारीचं पिल्लू समजून आत अर्धी पोळी सारली होती. पाण्याची बाटली होती, पण तिची नळी तुंबलेली.

मी म्हटलं, एक रात्र ठेवू, उद्या कुणाला तरी देऊ. नवरा म्हणाला, "हं." आमच्या घरात ह्या हंकाराचा अर्थ 'मला सगळं दिसतंय पुढचं' असा होतो.

दुसऱ्या दिवशी दोन-तीन ठिकाणी फोन केले. जिथे तिथे कुत्री आणि मांजरं. एका ठिकाणी जिने फोन घेतला ती मुलगी मात्र स्वतः असले प्राणी सांभाळणारी निघाली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, तुम्हीच ठेवा ना. मी सांगते सगळं." गेले चार महिने ती सांगतेय. माझ्या लेकीच्या वयाची पोर, पण ह्या बाबतीत माझी गुरू.

"पण पोरांनी आणलाच कशाला, सोडून जायचं होतं तर?" काकू.

"दुकानात स्वस्त मिळतो, दिसायला गोड. आणला."

"आणि दुकानवाले देतात असेच?"

खरं तर देऊ नयेत. २०१८ साली पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी केंद्राने नियम केले, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे दुकानाची नोंदणी हवी. पण पिंजऱ्यात दोन भांडी होती खायची, म्हणजे दुकानदाराने पोरांना जोडी विकली असणार असं त्या मुलीचं म्हणणं. उरला होता एकच, आणि त्याच्या उजव्या कानाचा लचका गेलेला. दुसऱ्याचं काय झालं ते विचारायला पोरं जागेवर नव्हती.

"म्हणजे विधुर की काय हा?" काकू म्हणाल्या. "मग जोडी आण की. एकटं कसं राहील बिचारं?"

हे काकूंच्या स्वभावाला धरूनच होतं. त्यांच्याकडे एक निळी वही आहे, तीत मुलामुलींची स्थळं लिहिलेली असतात. अविवाहित माणूस ही त्यांच्या मते तात्पुरती अवस्था. त्यांना मी समजावलं, की ही जात एकट्यानेच राहणारी. मोठी झाली की प्रत्येकाचं बीळ वेगळं. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवलं तर एक दुसऱ्याला मारतो, नाहीतर इतका छळतो की तो मरतो. नर-मादी ठेवली तर आणखीच पंचाईत, दिवस गेल्यापासून १६ दिवसांत बाळंतीण.

"सोळा महिने?"

"दिवस, काकू."

काकूंनी बोटांवर मोजलं. प्रतिपदेपासून धरलं आणि पौर्णिमा ओलांडून एका दिवसावर थांबल्या. "पंधरवड्यात बारसं!" मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. वहीतली स्थळं मनातल्या मनात चाळत असाव्यात.

भिंतीवरून दिसेल असा पिंजरा धरून मी त्यांना तो दाखवला तेव्हा तो झोपेतच होता. सोनेरी, पोटाकडे पांढरा, गोल वळलेला. "गोटीसारखा झोपलाय गं," काकू म्हणाल्या, आणि तेवढ्यावर त्याचं नाव गोट्या पडलं. मग त्यांनी मान तिरकी करून मागून पाहिलं. "शेपूट कुठाय?"

शेपूट असते, बोटाच्या पेरभर, तीही केसात बुडालेली. काकूंना सात शेपट्यांच्या उंदराची गोष्ट आठवली. पोरं चिडवतात म्हणून तो एकेक शेपूट कापून घेत जातो, सहा, पाच, चार, आणि शेवटी एकही राहत नाही तर पोरं बिनशेपटीचा म्हणून चिडवतात. "तोच हा," काकू म्हणाल्या. "गोष्ट संपल्यावर कुठे गेला ते कळलं नव्हतं इतकी वर्षं. पुण्यात भाड्याने राहत होता तर."

दोनच दिवसांनी त्यांनी दुसरा तोडगा काढला. "म्हातोबाच्या टेकडीवर सोडून ये ना. मोकळा राहील. तुझ्याही मागची कटकट जाईल."

"तो इथला नाहीच काकू. टेकडीवर एक रात्र टिकणार नाही. मांजरं, मुंगसं, घुबडं. शिवाय त्याला धड दिसतही नाही लांबचं."

"कुठला मग?"

"सीरियाचा. अलेप्पोकडचा."

आता हे सांगितल्यावर सगळी कहाणी सांगणं आलं. काकूंनी कणकेचे हात पदराला पुसले आणि त्या भिंतीला टेकल्या. मी सांगितलं, की १९३० च्या एप्रिलमध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले इस्रायल अहरोनी नावाचे प्राणिशास्त्रज्ञ तिथे गेले. त्यांचे एक सहकारी, सॉल अॅडलर, आपल्या बिहार-बंगालात जो काळाआजार व्हायचा त्या जातीच्या रोगांवर काम करत होते. त्यांना प्रयोगाला हॅमस्टर हवे होते. चीनमधून मागवावेत तर मिळायची मारामार, आणि आणलेले पिंजऱ्यात वीत नसत. मग कुणी सांगितलं, अलेप्पोला एक जात आहे. गावच्या शेखने माणसं दिली, गव्हाच्या शेतात खणायला सुरुवात केली.

"किती खणलं?"

"आठ फूट."

"आठ फूट! उंदरासाठी? विहीर झाली असती तेवढ्यात."

"शेताची पार वाट लागली. तळाशी एक आई आणि तिची ११ पिल्लं."

"अगं बाई. मग?"

"मग तिने जवळच्या एका पिल्लाला मारलं. बाकीची वाचावीत म्हणून त्या लोकांनी आईला मारलं. पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते. अहरोनी आणि त्यांच्या बायकोने ती हाताने वाढवली."

काकू कढीपत्त्याचं एक पान बोटात चुरत राहिल्या. "घाबरली असेल गं ती," त्या म्हणाल्या. "घर असं वरून उकरून काढलं तर."

त्यातली काही पिल्लं विद्यापीठात नेल्यावर पिंजऱ्याचं लाकूड कुरतडून पळाली. हे मी काकूंना गमतीने सांगितलं होतं, पुढे अंगाशी आलं ते वेगळं. उरली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्या भावंडांपासूनच पुढची वंशावळ. आज जगभर पाळले जाणारे सोनेरी हॅमस्टर बहुतेक सगळे त्या एका बिळातले.

"भावाबहिणींपासून?" काकूंनी आवाज खाली आणला, जणू शेजारच्या घरातलं प्रकरण आहे. "सगोत्र नाही, सख्खे!"

"आणि १९३१ साली अॅडलरने ते कोटाच्या खिशात घालून इंग्लंडला नेले."

इथे मात्र काकू खरोखर चिडल्या. "खिशात घालून उंदीर जातात, आणि मी लेकाकडे न्यूजर्सीला गेले तेव्हा माझं कैरीचं लोणचं काढून घेतलं विमानतळावर!"

पहिले दोन आठवडे आमच्याकडे काय चाललं होतं ते आठवलं की हसू येतं. मी पहिल्यांदाच काही पाळत होते. घरात कधी पोपटसुद्धा नव्हता. आणि जे जे मी काळजीने करायला जाई ते ते चुकीचं निघे. तो कापूस ऊबदार म्हणून मी आणखी घातला. त्या मुलीने फोनवर किंचाळून काढायला लावला, कारण त्याचे धागे पायाला गुंडाळून रक्तपुरवठा तुटतो आणि पोटात गेले तर आतडं अडतं. दिवसा उठवून त्याला खेळवायला जाई, तो चावे. झोपेतून हलवलेल्या माणसाने शिवी द्यावी तसा. अंगाला वास येतो म्हणून मी कोमट पाण्याची वाटी तयार ठेवली होती. बरं झालं विचारलं. ह्याला पाण्याने आंघोळ घालायचीच नसते, अंगाचं तेल जातं, गारठून मरतो. आंघोळ वाळूत.

वाळू काकूंनी दिली. मागच्या अंगणात त्यांच्याकडे बांधकामाची उरलेली होती. ती त्यांनी चाळणीने तीनदा चाळली, धुतली, वाळवली आणि वर कढईत भाजून आणली. "शेंगदाणे भाजायच्याच वाळूसारखी झालीये बघ," म्हणाल्या. गोट्याने तीत जे लोळून घेतलं! तोंड, पाठ, पोट, पुन्हा पाठ. शू करायलाही त्याने पिंजऱ्याचा एकच कोपरा ठरवून घेतला होता, ते ऐकून काकू प्रभावित झाल्या. "आमच्या नातवाला साडेतीन वर्षं लागली."

सगळ्यात मोठी चूक तो पिंजराच होता. गुलाबी, तीन मजली, जिने, घसरगुंडी, वर छोटंसं चाक. बघणाऱ्याला वाटावं केवढा थाट. पण खाली जागा किती, तर ताटाएवढी. जो प्राणी जमिनीखाली हातभर बोगदे खणून राहतो, रात्रीत मैलोन्मैल धावतो, त्याला माडी काय करायची? तो रात्रभर तारा चावत बसायचा, एकाच जागी, दाताचा कर्र कर्र आवाज. मला वाटायचं खेळतोय. खेळत नव्हता. जाणकार सांगतात, निदान मीटरभर लांब आणि अर्धा मीटर रुंद जमीन हवी, खाली वीतभर जाड कागदाची नाहीतर गवताची गादी हवी.

काकूंच्या माळ्यावर लेकाची माशांची काचेची टाकी होती. तो दहावीत असतानाची. मासे केव्हाच गेले, लेक परदेशी गेला त्यालाही २२ वर्षं झाली, टाकीत काकू जुने पडदे ठेवत. त्यांनी स्वतः होऊन सांगितलं. साडेतीन फूट लांब निघाली. नवऱ्याने आणि वॉचमनने मिळून ती भिंतीवरून अलीकडे घेतली तेव्हा काकू पलीकडून सूचना देत होत्या, "तिकडचा कोपरा सांभाळा, एक टवका उडालाय, तो पूर्वीचाच आहे." आत कोऱ्या कागदाच्या पट्ट्या भरल्या. वर जाळी. गोट्याला सोडला. पाच मिनिटं नुसता हवेत नाक हलवत उभा. मग एका कोपऱ्यात शिरला आणि दिसेनासाच झाला. दुसऱ्या दिवशी काचेला लागून बोगदा दिसला, त्यात एक खोली झोपायची, एक धान्याची. तारा नव्हत्याच, त्यामुळे कर्र कर्र गेली.

चाक मात्र ठेवलं होतं जुनंच, ते रात्री कुईकुई वाजायचं. काकूंची झोपायची खोली आमच्या भिंतीलगत. "काय गं, तुमच्याकडे रात्री पिठाची गिरणी असते का?" मग त्या मुलीच्या सांगण्यावरून मोठं चाक आणलं, २८ सेंटीमीटरचं, गजांचं नाही, सलग पृष्ठभागाचं, म्हणजे पाय अडकत नाही आणि पाठ वाकत नाही. आवाज बंद. तिसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "बंद का पडली गिरणी? बरा आहे ना तो?" त्यांना रात्री झोप येत नाही, काका गेल्यापासून. आवाज होता तेव्हा निदान कुणीतरी जागं आहे असं वाटायचं, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मला काय, मी आपली चौकशी केली."

खाण्याच्या बाबतीत मला वाटलं होतं काकूंना थोपवणं अवघड जाईल. गेलंच. मूळ खाणं सोपं आहे, आणि गंमत म्हणजे सगळं आपल्याच डब्यांतलं: ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, थोडे जवस, चिमूटभर मूग, एखादा शेंगदाणा, काकडीचा काप, मेथीचं पान, कधीतरी उकडलेल्या अंड्याचा कण. कांदा, लसूण, संत्रं-लिंबू, चॉकलेट नाही. काकूंची संकष्टी होती. उपासाच्या दिवशी गणपतीच्या वाहनाच्या ह्या परदेशी पाहुण्याला काही द्यावं म्हणून त्यांनी मी घरात नसताना लेकीच्या हाती राजगिऱ्याच्या लाडवाचा तुकडा दिला. गुळातला.

ह्याच्या गालात दोन्हीकडे पिशव्या असतात, पार मागे कमरेपर्यंत जाणाऱ्या. सापडलं की तो खात नाही, आधी भरतो. कोरडं धान्य भरतो तोवर ठीक, गुळाचं चिकटलं म्हणजे पिशवीतच बसतं, सडतं, गळू होतं. रात्री बघते तर एक गाल फुगलेला, आणि हा पंजाने सारखा ढकलतोय. तीन तास मी त्याच्यासमोर बसून होते. शेवटी पडला तुकडा बाहेर. सकाळी मी भिंतीपाशी जरा तोडूनच बोलले. काकूंनी ऐकून घेतलं. "चुकलं माझं," म्हणाल्या, आणि आत गेल्या. ११ वर्षांत हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकले, त्यामुळे दिवसभर मलाच करमेना. संध्याकाळी कढीपत्ता तोडायच्या निमित्ताने गेले. त्याही होत्याच तिथे, त्यांच्या बाजूने कढीपत्ता तोडत. आमटी कुणाकडेच होणार नव्हती.

मीच विषय काढला. म्हटलं, ह्याच्यावरून जर्मन भाषेत एक क्रियापदच आहे. 'हामस्टर्न', म्हणजे साठा करून ठेवणं. करोना आला तेव्हा लोक दुकानं रिकामी करत होते, त्या खरेदीला तिकडे हॅमस्टरची खरेदी म्हणत.

"म्हणजे मी तेव्हा २० किलो साखर घेऊन ठेवली होती..."

"हो काकू."

"अजून आहे त्यातली दोन किलो," त्या म्हणाल्या, आणि सगळं रुळावर आलं.

डॉक्टरांची गोष्ट मी त्यांना मुद्दाम जरा रंगवून सांगितली. पशुवैद्यांकडे कुत्र्या-मांजरांच्या रांगेत मी चपलांचा खोका मांडीवर घेऊन बसले होते. माझ्या शेजारच्या लॅब्राडोरचं वजन ३४ किलो, माझ्या पेशंटचं ९४ ग्रॅम. खरं ते १२० च्या पुढे हवं. जायचं कारण काय, तर मी घाबरले होते. एका सकाळी त्याच्या मागच्या बाजूला शेपटीखाली चांगली मोठी सूज दिसली, आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना काळे डाग. मला वाटलं कर्करोग. डॉक्टरांनी त्याला अलगद उचललं, खालून पाहिलं आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "ताई, तो नर आहे. उन्हाळा सुरू झालाय." कमरेवरचे डाग म्हणजे गंधग्रंथी, नरांना ठळक असतात.

काकूंना कळायला क्षणभर लागला. मग त्यांनी भिंत दोन्ही हातांनी धरली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "अगं बाई... आणि नाव... नाव मी आधीच बरोबर ठेवलं होतं की!"

पिवळे दात हीही माझी एक तक्रार होती. तेही तसेच असतात, निरोगी. ते जन्मभर वाढत राहतात, म्हणून कुरतडायला लाकूड द्यायचं. काकूंनी ह्यावर मत दिलं, की देवाने माणसाला हीच सोय द्यायला हवी होती, कवळीचे ४० हजार वाचले असते.

एप्रिल संपता संपता तापमान ४० वर गेलं. ह्या प्राण्याला २० ते २४ पर्यंत सुखाचं, तिशीच्या पुढे धोका, अंगाला घाम नाही. एसी आमच्याकडे एका खोलीत, त्यात लेकीचा अभ्यास. दुपारी गोट्या गादीवर पोट टेकून पसरलेला असायचा, पाय चार दिशांना. मी पाण्याची बाटली गोठवून मोज्यात घालून टाकीत ठेवायचे. दिवे गेले की धावपळ.

त्या दिवसांत एकदा काकू म्हणाल्या, "एवढ्याशा जिवाचं एवढं करायचं. आणि तिकडे प्रयोगशाळेत मारतातच ना रोज." त्यात खोच नव्हती, दुपारच्या उकाड्याचा कंटाळा होता. पण मला एक आठवलं आणि मी बोलून गेले.

"काकू, काकांना डायलिसिसच्या वेळी इंजेक्शन असायचं. रक्त वाढवण्याचं."

"आठवड्यातून दोनदा. फ्रीजमध्ये लोण्याच्या शेजारी ठेवायचे मी. दार उघडं राहू नये म्हणून जिवाचा आटापिटा."

"ते औषध ज्या पेशींत तयार करतात त्या हॅमस्टरच्या असतात. ह्याच्या नाही, चिनी जातीच्या, म्हणजे ह्याचे चुलते. १९५७ साली एका मादीच्या बीजांडकोशातून अमेरिकेत पेशी काढल्या. त्याच अजून वाढवतात जगभर. कितीतरी औषधं त्यांच्यात होतात."

"एकीच्याच?"

"एकीच्याच."

काकू काही न बोलता आत गेल्या. मला वाटलं, उगाच बोलले. काकांची ती चार वर्षं त्यांनी कशी काढली ते भिंतीच्या ह्या बाजूने मी पाहिलं आहे. दहाएक मिनिटांनी त्या परत आल्या, हातात शहाबादी फरशीचा तुकडा, वीतभर लांबीचा, कडा घासून गोल केलेला. सदाशिव पेठेतला त्यांचा माहेरचा वाडा पाडला तेव्हा आठवण म्हणून आणलेला. तो त्यांनी तुळशीजवळच्या सावलीत ठेवलेला असतो. "हा टाक त्याच्या टाकीत," म्हणाल्या. "आम्ही लहानपणी उन्हाळ्यात ह्याच्यावर उघड्या पाठीने झोपायचो." संध्याकाळी वाळ्याचा पडदाही आला. तो खिडकीला लावून त्यावर पाणी मारलं की खोलीला माठाचा वास येई. गोट्या मे महिनाभर त्या फरशीवर पसरून होता.

हातावर तो यायला पाच आठवडे लागले. मी काही केलं नाही, हेच काय ते केलं. रोज रात्री दहाला टाकीत हात ठेवून बसायचे, तळहातावर भोपळ्याची बी. हलायचं नाही. तो यायचा, हुंगायचा, बी गालात घालून पसार. तळहातावर दोन पाय, मग तीन. ज्या दिवशी चारही पाय आले त्या दिवशी मी नवऱ्याला कुजबुजत हाक मारली, तो धावत आला आणि गोट्या पळाला. काकू विचारायच्या, "ओळखतो का गं तुला?" वासाने ओळखतो. पण कुत्र्यासारखं दारात स्वागत नाही, मांजरासारखं पायात घोटाळणं नाही. त्याला माझ्याकडून हवंय ते एवढंच, की मी त्याला मोठी जागा द्यावी आणि मग त्याच्या वाटेला जाऊ नये. माझ्या सासूबाईंचीही सुनेकडून एवढीच अपेक्षा असती तर, असा विचार त्या टाकीपाशी बसून मी अनेकदा केला आहे. आता भिंतीवरून एवढं बोलायला हरकत नाही, त्या औरंगाबादला असतात.

आणि मग जूनमध्ये तो पळाला. जाळीचा एक कोपरा मीच नीट दाबला नव्हता. अहरोनींच्या पिल्लांचा वंश. सकाळी टाकी शांत, बोगदे रिकामे. मी भिंतीपाशी जाऊन रडलेच.

"आधी सांग, मोरीचं तोंड बंद आहे?" काकू सेनापतीसारख्या. मोरीला जाळी, दारांखाली गोधड्या, गॅसमागे कुणी हात घालायचा नाही. त्या मुलीने सांगितलं होतं, रात्री जमिनीवर पीठ पसरा, पावलं उमटतील. काकूंना ते रुचलं नाही. "पीठ पसरून पावलं बघायची वेळ वेगळी असते गं. दहा दिवसांत दिव्याखाली बघतात, तसलं नको." मग तोडगा निघाला: पीठ नाही, रांगोळी. गौरीची पावलं आपण काढतो, ह्याची तो स्वतः काढेल. बारीक चाळलेली रांगोळी स्वयंपाकघर आणि जिन्याखाली पसरली. त्यांनी आपल्या खटक्याच्या पिंजऱ्याचीही आठवण करून दिली, पण ते दार कंबरेत पडलं तर, म्हणून मी तो लावला नाही.

पहिल्या रात्री काही नाही. दुसऱ्या रात्रीच्या पहाटे फ्रीजखालून निघून चपलांच्या कपाटापर्यंत गेलेली मोत्यांएवढ्या पावलांची रांग. नवऱ्याच्या ट्रेकिंगच्या बुटात तो सापडला. बरोबर संसार: मूठभर तूरडाळ, काजूचा तुकडा, काकडीची सुकलेली चकती, लेकीचं खोडरबर, आणि हाजमोल्याची गोळी, ती मात्र न चाखलेली. बूट तसाच उचलून टाकीत ठेवला. नवऱ्याला नवे घ्यावे लागले.

"जगतात किती गं हे?" काकूंनी त्या दिवशी विचारलं.

"दोन-अडीच वर्षं. हा निम्मा तरी संपलाय."

"मग जमेल आमचं. मीही हल्ली लांबचं रिझर्वेशन करत नाही."

पाऊस सुरू झाला, आणि गेल्या आठवड्यात काकूंनी भिंतीवरून आपला पिंजरा परत मागितला. पाऊस लागला की खरे उंदीर घरात शिरतात. डाळीच्या डब्याचं झाकण कुरतडलं होतं. "ह्याची गय नाही," म्हणाल्या. "हा काही सीरियाहून आलेला नाही." भजी तळली, तुकडा लावला.

काल सकाळी मी दूध तापायला ठेवते तोच हाक आली. काकू भिंतीपाशी उभ्या, डोक्यावर छत्री, हातात पिंजरा. आत एक करडा उंदीर, कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. भजं तसंच होतं, त्याने शिवलंही नव्हतं. शेजारी कुणीतरी ठेवलेले ज्वारीचे चार दाणे होते, आणि पाण्याने भरलेलं बाटलीचं झाकण.

"ह्याला शेपूट आहे बघ," काकू म्हणाल्या. "चांगली लांब."

"हो."

"आणि हा इथलाच आहे. ह्याला म्हातोबाच्या टेकडीवर सोडलं तर चालेल ना गं?" त्यांनी छत्री थोडी पिंजऱ्यावर सरकवली. "दूध उतरव, आणि गाडी काढ."